पावसाचं दार

“ही गाठ आजोबांची नाही!” मार्नी म्हणाली.

घराखालच्या गॅरेजात भिंतीला माणूसभर उंचीचं एक बोचकं टेकवलेलं होतं. राखाडी कांबळं आणि वरून सुती दोर. मार्नी त्याच्यासमोर उकिडवी बसली होती.

“गाठ ती गाठ,” तिचा मामेभाऊ फर्गस म्हणाला. तो तेरा वर्षांचा, म्हणजे मार्नीपेक्षा एका वर्षाने मोठा. ही गोष्ट तो सहसा कुणाला विसरू देत नसे. “सुटली नाही म्हणजे झालं. चल, पोहायला जायचंय ना?”

“आजोबांनी चाळीस वर्षं गुरं हाकली. ते दोन वेढे घेतात आणि टोक खालून काढतात. ही तर बुटाच्या नाडीची गाठ आहे! कुणीतरी हे सोडून परत बांधलंय.”

“उंदरांनी.”

“हो, आणि नाडीचं फूलही उंदरांनीच काढलं!”

दोघांचं हे चालू असताना नऊ वर्षांची पिप, म्हणजे फर्गसची धाकटी बहीण, कांबळ्याचा कोपरा उचकून मोकळी झाली होती.

“मार्नी, तुमच्या कोठीचं दार पिवळं होतं का गं?”

“नाही. साधं, बिनरंगाचं.”

“आणि त्याला अशी कडी होती?”

पिपने कडी फिरवली. कडीवरच्या खिडकीत ‘मोकळं’ ही पाटी गेली आणि ‘आत कुणी आहे’ ही आली. तिघं त्या पाटीकडे पाहत राहिली.

“हे संडासाचं दार आहे,” फर्गस सावकाश म्हणाला.

“ईऽऽ! म्युझियमला आपण संडासाचं दार देणार?” पिपला ही कल्पना फारच आवडली.

मार्नी मात्र हसली नाही. हसण्यासारखं तिला काही दिसेना.

ती आणि आजोबा सोमवारी पश्चिमेकडून आली होती, एक दिवस आणि एक रात्र आगगाडीत बसून. आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होते. आज, बुधवारी, त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आणि सोबत कांबळ्यात गुंडाळून आणलं होतं कोठीच्या खोलीचं दार. एल्मा आजी लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासून पडलेला प्रत्येक पाऊस तिने त्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिला होता. तारीख, पाऊस किती पॉइंट (शंभर पॉइंट म्हणजे एक इंच), आणि कधी कधी एखादं वाक्य. ‘घोडी व्याली.’ ‘न्हाणीघरात बेडूक!’ अठ्ठेचाळीस वर्षं. आजी दोन वर्षांपूर्वी गेली, आणि त्याच वर्षी आजोबांना पेन्सिलीची अक्षरं दिसेनाशी झाली. शुक्रवारी संग्रहालयाची गाडी दार न्यायला येणार होती. पण त्याआधी, उद्या, गुरुवारी पट्टी निघाली की आजोबांना पहिलं काही वाचायचं असेल तर ते दार वाचायचं होतं. आगगाडीत त्यांनी हे मार्नीला तीनदा सांगितलं होतं. एरवी ते कुठलीच गोष्ट दोनदा सांगत नसत.

“सोमवारी स्टेशनवरून दार कुणी आणलं?” मार्नीने विचारलं.

“बाबांनी. गाडीच्या टपावर बांधून,” फर्गस म्हणाला, आणि त्याचा चेहरा बदलला. “थांब. आज सकाळी न्याहारीला बाबा काय म्हणाले?”

“बोचक्याला हात लावू नका!” पिप म्हणाली. “चार वेळा म्हणाले. आणि टोस्टला दोनदा लोणी लावलं.”

तिघं धावत फाटकाबाहेर आली. उन्हात सगळी गल्ली झगझगत होती, आणि गल्लीभर प्रत्येक घरापुढे अडगळीचे ढीग होते. मोडक्या खुर्च्या, गाद्या, पंखे, एक आख्खं भातुकलीचं घर. वर्षातून एकदा नगरपालिकेचा ट्रक ही अडगळ न्यायला येतो. तोवर फुटपाथवरच्या ढिगातलं जे ज्याला हवं, ते त्याने खुशाल उचलावं, असा शिरस्ता. एका गादीवर पांढरी शराटी उभी राहून आत चोच खुपसत होती.

“बाबांनी दार उतरवलं,” फर्गस ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला. “गॅरेजात जागा नव्हती. म्हणून इथे कुंपणाला टेकवलं. दोन मिनिटांसाठी.”

“आणि मग?”

“मग फुटबॉलची मॅच सुरू झाली.”

“अख्खी रात्र मॅच?”

“मॅच संपली. बाबा विसरले. तू त्यांना ओळखत नाहीस. एकदा ते पिपला वाचनालयात विसरून आले होते.”

“मी तिथे तीन पुस्तकं वाचली,” पिप म्हणाली.

मामांनी ढिगातून दुसरं कुठलं तरी दार उचललं, कांबळ्यात गुंडाळलं आणि गप्प बसले! पण कांबळं मागे कसं राहिलं?

“ए भुतांनो! उन्हात टोप्या न घालता काय उभी राहिलात?”

समोरच्या व्हरांड्यातून डेस्पिना काकूंचा आवाज आला. काकू ऐंशीच्या होत्या आणि व्हरांड्यातली खुर्ची त्या फक्त झोपायला सोडत. मामी कामावर आणि डगल मामा दवाखान्यात, त्यामुळे आज मुलांवर लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. तसं ते रोजच असे.

“काकू, इथून एक दार कुणी नेलं का? काल सकाळी?” फर्गसने विचारलं.

“नेलं की! लांबलचक म्हातारा. टोपीवर मागच्या बाजूला दोन डोळे रंगवलेले, त्या मागून चोच मारणाऱ्या पाखरांना घाबरवायला. बाबागाडी ढकलत आला. मला वाटलं, नातवंड आणलंय. बघते तर गाडीत करवत!”

“आणि दार?”

“कांबळं सोडून बघितलं, दार ठोकून बघितलं, गाडीवर आडवं टाकलं. पण माणूस भला हो. कांबळं झटकलं, नीट घडी घातली आणि दोरासकट कुंपणावर ठेवलं. कुणीतरी विसरलंय असं वाटलं असणार त्याला. चोर कधी घडी घालतो का?”

“कुठल्या दिशेने गेला?”

“धक्क्याकडे. का, काय झालं?”

मार्नीने सगळं सांगितलं. काकूंनी छातीवर क्रूस काढला आणि मग मामांबद्दल ग्रीक भाषेत काहीतरी म्हणाल्या. ते भाषांतर न करण्यासारखं असावं.

“जा,” त्या म्हणाल्या. “टोप्या घाला. तीनच्या आत परत. डगल तीनला म्हाताऱ्याला घेऊन येणार आहे. आणि हे घ्या.” बिस्किटांची पिशवी फर्गसच्या हातात आली.

मार्नी निघालीच होती, पण फर्गस गॅरेजकडे वळला.

“आता काय?”

“रिकाम्या हातांनी जाऊन कुणाचं दार मागणार? फुटपाथवरून उचललेलं त्याचं झालं. द्यायचं की नाही, त्याची मर्जी. आपणही काहीतरी न्यायला हवं.”

मार्नीने त्याच्याकडे पाहिलं. मोठा असल्याचा त्याला कधी कधी उपयोग होत असे.

आणि म्हणून बुधवारी सकाळी साडेदहा वाजता ब्रिस्बेन नदीच्या धक्क्यावर तीन मुलं आणि संडासाचं एक पिवळं दार फेरीबोटीची वाट पाहत उभं होतं.

बोट लागली. दोर टाकणारी तरुणी दाराकडे बघत म्हणाली, “ह्याचं तिकीट काढलंत?”

“त्याचं वय पाचच्या आत आहे,” पिप म्हणाली.

“चढा! बाजूला धरून ठेवा. आडवं करू नका. काल एकाने आडवं केलं तर चार माणसांचे गुडघे फुटले.”

“काल?” मार्नी जवळजवळ ओरडलीच. “बाबागाडीवाला? टोपीला मागे डोळे?”

“तेच आमचे कप्तान आयव्हर! तीस वर्षं ही बोट चालवली त्यांनी. आता कोंबड्या पाळतात. पलीकडच्या धक्क्यावर उतरा, नदीकाठाने डावीकडे, तिवरांच्या बाजूला कुंपण दिसेल. आणि दारावर टकटक करू नका, खुराड्याला अजून दारच नाहीये!”

बोट निघाली. नदी रुंद आणि मातकट. उन्हाने तिच्यावर चकाकणारे तुकडे पसरले होते. कठड्याला टेकलेल्या मार्नीने खाली पाहिलं आणि ती चमकली. पाण्यावरून एक फांदी वाहत चालली होती, पण समुद्राकडे नाही, वरच्या अंगाला.

“नदी उलटी चाललीय!”

“भरती आहे,” फर्गस बिस्किट खात म्हणाला. “दिवसातून दोनदा समुद्र पाहुणा येतो. तुमच्या नदीला नाही येत?”

“आमच्या नदीला पाणीच वर्षातून एकदा पाहुणं येतं.”

फर्गसला हसावं की नाही, कळेना. त्याने तिला शेवटचं बिस्किट दिलं.

धक्क्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर ते कुंपण होतं, आणि दार घेऊन तिथे पोचायला त्यांना दोन तास लागले. कोंबड्यांचा कलकलाट आधी ऐकू आला आणि मग दुसरा एक आवाज. खर्र, खर्र, खर्र.

मार्नीने दाराचं आपलं टोक सोडून दिलं आणि ती पळत सुटली.

दोन घोड्यांवर एक दार आडवं ठेवलेलं होतं. खरे नव्हेत, सुताराचे लाकडी घोडे. त्यावर वाकून एक उंच म्हातारा पॉलिश पेपरने घासत होता. दाराच्या खालच्या टोकाला वीतभर लाकूड नवंकोरं, पिवळसर दिसत होतं.

“थांबा! घासू नका! ते लिहिलेलं आहे!”

म्हाताऱ्याने मान वर केली. “काय लिहिलेलं आहे?”

“पाऊस!”

कप्तान आयव्हर यांनी पॉलिश पेपर खाली ठेवला, खिशातून चष्मा काढला, तो टोपीनेच पुसला आणि दारावर वाकले. त्यांचं बोट एका ओळीवरून सरकत गेलं. एक कोंबडी त्यांच्या बुटावर चढली.

“मला वाटलं, लाकडाच्या रेषा,” ते शेवटी म्हणाले. “घासायला चष्मा लागत नाही म्हणून घातला नव्हता. ‘न्हाणीघरात बेडूक’... कुणी लिहिलंय हे?”

“माझ्या आजीने.” आणि मार्नीने पुढचं सगळं सांगितलं. मोतीबिंदू, पट्टी, उद्याची सकाळ. घाईत तिने शेवट आधी सांगितला आणि सुरुवात शेवटी, पण कप्तानांना सगळं कळलं.

“हे बघ पोरी,” ते म्हणाले. “मी चोरी केलेली नाही.”

“माहीत आहे. चोर घडी घालत नाहीत.”

कप्तानांच्या मिशा हलल्या. “पण माझीही अडचण आहे. दोन रात्रींत अजगराने माझ्या तीन कोंबड्या गिळल्या. आज संध्याकाळपर्यंत खुराड्याला दार लागलं नाही, तर चौथी जाणार. ती तुझ्या पायाशी उभी आहे, ग्लॅडिस. तूच सांग तिला.”

मार्नीने ग्लॅडिसकडे पाहिलं. ग्लॅडिसने मार्नीकडे पाहिलं.

तेवढ्यात फर्गस आणि पिप धापा टाकत, पिवळं दार फरपटत पोचली.

“एक दार द्या, एक घ्या!” फर्गसने घाम पुसला. “मजबूत आहे. रंगवलेलंही आहे.”

“आणि बघा, बघा!” पिपने कडी फिरवली. “कोंबडी अंडं द्यायला बसली की ‘आत कुणी आहे’!”

कप्तान आयव्हर इतके मोठ्याने हसले की ग्लॅडिस पळाली. त्यांनी पिवळ्या दाराला ठोकून पाहिलं, बिजागऱ्या पाहिल्या, मान डोलावली. सौदा झाला. मग मात्र ते गंभीर झाले आणि त्यांनी मार्नीला जवळ बोलावलं.

“घासलेला भाग बघ. काय गेलं असेल तर आत्ताच कळू दे.”

मार्नी वाकली. आजीला गुडघ्यांचा त्रास होता, गुडघ्याच्या खाली तिने फारसं लिहिलंच नव्हतं. वीतभर जागा बहुतेक कोरीच होती. फक्त एका उभ्या रांगेच्या तळाशी तारीख राहिली होती, पुढचा आकडा गेला होता.

“एक गेला,” ती म्हणाली.

“मी स्वतः येऊन माफी मागेन. उद्या. तुझ्या आजोबांना सांग,” कप्तान म्हणाले, आणि त्यांनी बाबागाडी पुढे केली. “आणि ही न्या. दार हातात धरून रेंगाळत बागेतून जाऊ नका. तिथल्या मॅगपाय पक्ष्याच्या घरट्यात या दिवसांत अंडी आहेत, माणसाचं डोकं दिसलं की तो सुटतो.”

दार आडवं टाकून तिघं निघाली. बागेच्या मध्यावर पोचली असतील नसतील, तोच फर्गसच्या कानाजवळून काहीतरी सूंऽऽकन गेलं.

“आला!” फर्गस मटकन खाली बसला. “तो दरवर्षी मलाच ओळखतो!”

“उठ! अडीच वाजलेत!”

“अडीच? निघालो तेव्हा साडेदहा होते!”

“दोन दारं, पाच किलोमीटर आणि तुझं चार वेळा थांबणं! उठ म्हणते ना!”

काळा-पांढरा पक्षी निलगिरीच्या फांदीवर वळला आणि पुन्हा झेपावला. या वेळी पिपवर. पिप किंचाळली. मार्नीने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, मग दाराचं एक टोक उचललं.

“डोक्यावर! फर्गस, मागचं टोक! पिप, मधे ये, गाडी ढकल!”

दार छपरासारखं डोक्यांवर गेलं, लिहिलेली बाजू खाली. टक! वरून चोच बसली. टक, टक!

“कोण आहे?” पिप आतून ओरडली.

“आत कुणी आहे!” फर्गस म्हणाला, आणि तिघं हसतहसत, अडखळत, सहा पायांच्या कासवासारखी धक्क्याकडे पळाली. मार्नीच्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, आजीची अक्षरं हिंदकळत होती.

तीनला दहा मिनिटं कमी असताना ती घरी पोचली. समोरून डेस्पिना काकूंनी नुसता हात हलवून घाई करायला सांगितलं. कांबळं, दोर, दोन वेढे, टोक खालून. मार्नीने गाठ आवळली तेव्हा फाटकात गाडीचा आवाज आला.

आजोबा उतरले. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्यात धुकं. डगल मामा त्यांचा हात धरून होते आणि त्यांचा स्वतःचा चेहरा आजाऱ्यासारखा होता.

“झालं एकदाचं,” आजोबा म्हणाले. “उद्या दहा वाजता पट्टी काढतील. मग सरळ गॅरेजात.”

“बाबा, मी काय म्हणतो,” चहाला बसल्यावर मामा घाईघाईने म्हणाले, “पहिल्याच दिवशी डोळ्यांना ताण कशाला? बारीक अक्षरं, त्यातून पेन्सिलीची. दार जाऊ दे ना तसंच संग्रहालयात. तिथे जाऊन सावकाश वाचा. पुढच्या वर्षी.”

“डॉक्टर म्हणाले, वाचायला हरकत नाही,” आजोबा म्हणाले.

“आणि आम्हालाही ऐकायचंय, मामा!” मार्नी गोड आवाजात म्हणाली.

“हो ना, बाबा. आम्ही तर कधीपासून वाट बघतोय!” फर्गसने भर घातली.

गुपित फुटू नये म्हणून पिपला बोलायची मनाई होती, तेव्हा ती फक्त मामांच्या टोस्टकडे पाहत राहिली. त्यावर तिसऱ्यांदा लोणी लागत होतं.

गुरुवारी अकरा वाजता सगळे गॅरेजात जमले. कामाची पाळी बदलून मामी थांबली होती. डेस्पिना काकू चक्क व्हरांडा सोडून आल्या होत्या. आणि फाटकाशी टोपी हातात धरून एक उंच म्हातारा उभा होता. तो कोण हे मामांना कळेना, पण विचारायचं त्यांना भान नव्हतं.

आजोबांचा उजवा डोळा लाल होता आणि पाण्याने भरलेला, पण उघडा होता. त्यांनी आधी सगळ्यांचे चेहरे एकेक करून पाहिले. “पिप, तुला इतके ठिपके कधी आले नाकावर?” मग ते बोचक्याशी गेले आणि त्यांनी गाठीवर बोटं ठेवली.

“बाबा, थांबा.” मामांच्या तोंडून शब्द सुटला. “मला एक सांगायचंय. त्यात... त्यात तुमचं दार नाही. मी सोमवारी ते बाहेर ठेवलं आणि विसरलो. सकाळी गेलेलं होतं. मी दुसरंच गुंडाळून ठेवलं. तुम्हाला कसं सांगावं...”

मार्नीने फर्गसकडे पाहिलं. मामांची फजिती बघायची असं कालपासून ठरलेलं होतं. आता ती समोर होती, आणि तिची मजा मात्र वाटेना.

आजोबांनी गाठीवरून बोट फिरवलं.

“ही गाठ तुझी नाही, डगल. माझीही नाही. शेवटचा वेढा उलट्या हाताने घेतलाय.” ते वळले. “मार्नी, किती वेळा सांगितलं तुला, सुलट्या हाताने घ्यायचा म्हणून?”

त्यांनी दोर ओढला. कांबळं खाली पडलं.

मामा उघड्या तोंडाने पाहतच राहिले. बिनरंगाचं, वरपासून गुडघ्यापर्यंत पेन्सिलीच्या अक्षरांनी भरलेलं दार उन्हाच्या तिरिपेत उभं होतं.

“हे कसं... कुणी...?”

“तिघांनी!” डेस्पिना काकू गरजल्या. “तू फुटबॉल बघतोस, तोवर पोरं नदी ओलांडून येतात! असली पोरं माझ्या पोटी असती तर मी रोज मेणबत्ती लावली असती!”

कप्तान आयव्हर पुढे झाले. त्यांनी आपलं नाव सांगितलं, घासलेली वीतभर जागा दाखवली, आणि गेलेल्या आकड्याबद्दल माफी मागितली. आजोबा वाकले. तारीख वाचली.

“हा आकडा? हा शून्य होता,” ते म्हणाले. “त्या दुष्काळाच्या वर्षी ती शून्यच लिहायची, तेवढंच होतं आमच्याकडे. घाबरू नका, कप्तान, शून्य मला पाठ आहे.”

मग ते वरून वाचू लागले. मोठ्याने नाही. बोट एकेका ओळीखालून सरकत होतं, ओठ हलत होते, मधेच एखादं हसू येत होतं. कुणी घाई केली नाही. दुसऱ्या रांगेच्या मध्यावर बोट थांबलं.

“डगल, इकडे ये. हे कधी वाचलंयस?”

“नाही,” मामा हळूच म्हणाले. “मी कुठे कधी वाचलं काही?”

“वाच.”

मामा वाकले. पन्नाशीला टेकलेला तो माणूस पहिलीतल्या मुलासारखा एकेक शब्द लावत वाचू लागला.

“‘सतरा तारीख. आज डगल झाला. पाऊस आठ पॉइंट. दोघंही फार उशिरा आले. पण आले.’”

आजोबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“कांबळं सोडायच्या आधी बोललास,” आजोबा म्हणाले. “तीन दिवस उशिरा. पण बोललास.”

मग त्यांनी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला, दाराच्या तळाशी, नव्याकोऱ्या लाकडासमोर, मार्नीचा हात धरत सावकाश गुडघ्यांवर बसले आणि तो तुकडा तिच्या हातात दिला.

“संग्रहालयाची गाडी उद्या येणार. जागा आहे अजून. आजची तारीख टाक. पाऊस शून्य. आणि खाली तिघांची नावं लिही, नीट, वाचता येतील अशी.”